कूलरवर ५०% ऑफ दाखवून राहिले, खरं मानायचं का? किंमतीचा ग्राफ वाचता येणाऱ्यांनी सांगा

चोपडेकर_भाऊ
मंडळी जरा मदत करा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी पोरंबाळं घेऊन येणारेत आणि आमच्या चोपड्याला आत्ताच दुपारी बारानंतर बाहेर पाय टाकवत नाही, जुना कूलर मागच्या उन्हाळ्यातच खडखड करत होता, यंदा चालूच होईना. दुकानात जायचा कंटाळा म्हणून ऑनलाइन बघितलं तर ७५ लिटरचा डेझर्ट कूलर, १८,९९० वर काट मारलेली, खाली ९,४९९, बाजूला हिरव्या अक्षरात ५०% ऑफ. आणि त्याच्या खाली लाल घड्याळ, डील संपायला ३ तास. आता गंमत अशी की परवा रात्री पण तीनच तास उरले होते आणि आज सकाळी उठून बघतो तर परत तीनच.

एका मित्राने सांगितलं की ट्रॅकरवर लिंक टाकून बघ, जुन्या किंमती दिसतात. टाकली. नुसत्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, डोकं चालेना. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो: डिसेंबरात ७,९९९, फेब्रुवारीत ८,७९९, मार्चभर ९,२९९, मग पाचसहा दिवस एकदम ११,९९९ आणि आता ९,४९९. तर ही डील धरायची का? की थांबलो तर परत आठ हजारावर येईल? बाबांच्या खोलीत एसी पण बसवायचाय, त्याचं पण असंच काहीतरी दाखवून राहिले, पण आधी कूलरचं सांगा भो.

तापीकाठ
भाऊ तू अर्धं उत्तर स्वतःच लिहिलंस की. ते १८,९९० डोक्यातून काढून टाक. ती एमआरपी आहे, म्हणजे पाकिटावर छापलेली कमाल किंमत, यापेक्षा जास्त घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ. ती किती ठेवायची हे कंपनी किंवा आयात करणारा ठरवतो आणि कूलरसारख्या वस्तूला त्यावर कोणाचा लगाम नाही. उद्या त्यांनी २५,००० छापली तर हाच कूलर याच भावात ६२% ऑफ होईल, तुझ्या खिशातून जाणार तेवढेच. तुझ्या ग्राफमधे १८,९९० ला तो एक दिवस तरी विकला गेलेला दिसतो का? नाही ना. मग सूट कशावर?

ग्राफ बघताना सगळ्यात खालचा आकडा शोधत बसू नको, सगळेजण तेच करतात. बघायचं हे की रेषा सगळ्यात जास्त दिवस कुठे आडवी पडलेली आहे. तुझ्या कूलरची मार्चभर ९,२९९ ला आडवी आहे, म्हणजे सीझनचा चालू भाव तो. आत्ताची "डील" त्याच्यापेक्षा २०० रुपये महाग आहे. आणि मधे जो ११,९९९ चा सुळका दिसतो तो बहुतेक यासाठीच की नंतर खाली आणलं की उतरल्यासारखं वाटावं.

बहुतेक म्हणतोय कारण सुळक्याचं दुसरं पण कारण असतं. आपल्याकडच्या परदेशी गुंतवणुकीच्या नियमामुळे या मोठ्या साइट स्वतःचा माल विकत नाहीत, त्या बाजार भरवतात आणि विकणारे वेगवेगळे असतात. स्वस्तवाल्याकडचा माल संपला की त्याच पानावर दुसऱ्याचा महाग भाव वर येतो, आणि ट्रॅकरला वाटतं भाव वाढला. ओळखायचं कसं, तर त्याच ब्रँडचे ५५ लिटर आणि ९० लिटरचे पण ग्राफ काढ. तिन्हींना त्याच आठवड्यात सुळका असेल तर ठरवून केलंय, एकालाच असेल तर माल संपला असेल. कीपा नावाचा ट्रॅकर आहे तो फक्त अमेझॉनचा दाखवतो पण त्यात छापील किंमतीची रेषा वेगळी लावता येते, सेलच्या आधी ती वर सरकली का ते कळतं. बाकी साइटसाठी बायहटके वगैरे आहेत, लिंक कॉपी करून त्यांच्या सर्चमधे पेस्ट केली की झालं, मोबाइलवर पण होतं.

आणि थांबण्याचं म्हणशील तर डिसेंबरचा ७,९९९ हा थंडीतला भाव आहे. जळगाव ४५ च्या वर गेल्यावर कूलर स्वस्त कोण करेल? तो भाव आता दिवाळीनंतरच.

पाचकंदील_धुळे
मी स्वतः दुकानवाला आहे, धुळ्यात, तर माझं म्हणणं थोडं मीठ घालून घ्या 😄 पण तापीकाठ भाऊंनी एमआरपीचं सांगितलं ते शंभर टक्के. आम्ही दुकानदार एमआरपीकडे बघतच नाही. आमच्यात दोनच भाव चालतात, डीपी म्हणजे आम्हाला पडतो तो, आणि एमओपी म्हणजे कंपनी सांगते की बाजारात यावर विका. ऑनलाइनचा "डील" भाव बऱ्याचदा एमओपीच्या आसपासच असतो. म्हणून कोणत्याही दुकानात फोन करून विचारा की या मॉडेलचा शेवटचा भाव काय, तोच तुमचा फुकटचा ट्रॅकर.

पण एक गोष्ट ट्रॅकर कधीच सांगत नाही. मॉडेल नंबर नीट बघा. बऱ्याच कंपन्या ऑनलाइनसाठी वेगळं मॉडेल काढतात, दिसायला सेम, नंबरात एखादं अक्षर वेगळं, आणि आत मोटरची वाइंडिंग म्हणजे गुंडाळलेली तार तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची, नाहीतर हनीकोंब पॅड पातळ. गिऱ्हाईक येतं माझ्याकडे मोबाइल दाखवत की इथं बघा हजार रुपये कमी, मी दोन्हीचे नंबर शेजारी लावून दाखवतो. कधी माझा महाग निघतो पण, तेव्हा मी भाव पाडतो, नाही असं नाही. तुम्ही म्हणता त्या साइजचा चांगल्या कंपनीचा कूलर ट्रॉलीसकट आमच्याकडे साधारण ९,८०० ला जातो, आणि ऑनलाइनला ट्रॉली धरलेली आहे का ते बघा, बऱ्याचदा नसते.

आणि बोअरचं पाणी असेल तर पॅडवर क्षार धरतो, दुसऱ्या उन्हाळ्यात पॅड बदलावे लागतात. ते त्या मॉडेलचे मिळतात का हे भावापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत.

चोपडेकर_भाऊ
@पाचकंदील ट्रॉलीचं बघितलं, खरंच नाहीये, वेगळी घ्यावी लागेल. फोटोत मात्र ट्रॉलीवरच उभा केलाय!! 😡 मॉडेल नंबर पण त्या पानावर इतका खाली लपवलाय की सगळं माप, वजन, रंग ओलांडून मग सापडला.
@तापीकाठ ५५ आणि ९० चे ग्राफ काढले. तिघांना पण एकाच आठवड्यात सुळका आहे. म्हणजे ठरवूनच ना?

तापीकाठ
हो. मग माल संपण्याचा प्रश्नच नाही, तिघांचा एकदम कसा संपेल.

खपाटीवाला
भाऊ कूलर ले तू, पन पानी कथाईन आनशी ते बी सांग 😂 आमना गावमा आठ दिनमा एकदाव नळले पानी येस, ७५ लिटरनी टाकी भरता भरता मानूसना घाम निंघी जास

नंदुरबारची_वहिनी
😂😂 खपाटीवाले भाऊंनी दुखती नस पकडली.

मी बँकेत आहे म्हणून कार्डाचं सांगते कारण त्यात लोक फार फसतात आणि ट्रॅकरमधे ते दिसतच नाही. पानावर वर लिहिलेलं असतं की अमुक कार्डावर १०% तात्काळ सूट, बारीक अक्षरात असतं कमाल ७५० रुपये. चोपडेकर दादांच्या ९,४९९ वर १०% म्हणजे ९५० झाले पण मिळणार ७५०. हे तरी खरे पैसे आहेत, ८,७४९ पडतील, म्हणजे मार्चच्या भावापेक्षा सरळ साडेपाचशे कमी. पण मार्चमधे पण कुठल्यातरी कार्डावर सूट चालू असेलच ना, ती ग्राफमधे येत नाही. म्हणून तुलना करायची तर आजचा कार्डाशिवायचा भाव ग्राफशी ताडायचा, आणि कार्डाची सूट वेगळी बाजूला ठेवायची. दोन्ही एकत्र केलं की हिशोब आपल्याला हवा तसा निघतो 😄

आणि ते नो कॉस्ट ईएमआय. त्यात बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम किंमतीतून आधी वजा करतात. पण त्या व्याजावर १८% जीएसटी लागतो तो तुमचा, आणि वरून प्रोसेसिंग फी, तिच्यावर पण जीएसटी. स्टेटमेंट आलं की कळतं. कूलरसारख्या नऊ-दहा हजाराच्या वस्तूला दोन-तीनशे रुपये असेच गेले तर ती दोनशेची डील कुठे राहिली. अजून एक, काही ठिकाणी नो कॉस्ट ईएमआय निवडला की १०% ची सूट निघून जाते, पेमेंट करायच्या पानावर शेवटचा आकडा वाचल्याशिवाय ओटीपी टाकू नका.

जंक्शन_भुसावळ
एसीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एसीचा ग्राफ काढशील तर मागच्या सप्टेंबरात एक मोठी पायरी खाली उतरलेली दिसेल आणि ती बघून वाटेल की वा काय सेल होता. तो सेल नव्हता, टॅक्स होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ झाला. ३८,४०० चा एसी असेल तर त्यात मूळ किंमत ३०,००० आणि टॅक्स ८,४००, आता १८ ने टॅक्स ५,४०० म्हणजे एसी ३५,४००. तीन हजार आपोआप कमी, कोणी उपकार केले नाहीत. ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हीचं पण तेच झालं. वॉशिंग मशीन आणि फ्रिज आधीपासून १८ मधेच होते त्यामुळे त्यांच्या ग्राफला त्या दिवशी पायरी दिसली तर मात्र ती खरी उतरण समजायची. आता गंमत बघा, दसरा-दिवाळीचे सेल पण त्याच सुमारास चालू झाले, आणि टॅक्सचे तीन हजार धरून बोर्ड लावले "महाबचत". म्हणून एसीची तुलना करताना २२ सप्टेंबरच्या आधीचं सगळं झाकून टाक, नुसतं त्याच्या नंतरचं बघ. आधीच्या भावाशी ताडलं तर आजचा कोणताही भाव स्वस्तच दिसेल.

दुसरं स्टारचं. १ जानेवारी २०२६ पासून एसीचे स्टारचे नियम कडक झालेत, जुन्या हिशोबाने जो ५ स्टार होता तो नव्यात ४ ला येतो. दुकानात आणि ऑनलाइन दोन्हीकडे जुना स्टॉक अजून पडलेला असेल. त्या स्टारच्या लेबलवर मुदत छापलेली असते, कुठून कुठपर्यंत, तेवढं फोटोत मोठं करून बघ. जुना ५ स्टार घेऊ नये असं नाही, मशीन तेच आहे, पण नव्या ५ स्टारच्या भावात घेऊ नये.

आणि नवीन लेबलसाठी नवीन मॉडेल नंबर आले त्यामुळे ट्रॅकरवर त्यांचा इतिहासच नाही, जानेवारीनंतरचा तुकडा फक्त. तिथे ट्रॅकर बिनधास्त लिहितो "आजपर्यंतची सर्वात कमी किंमत". अरे तीन महिन्याच्या पोराला सर्वात उंच म्हणण्यासारखं आहे ते. ग्राफ किती दिवसांचा आहे हे खालच्या तारखांवरून आधी बघायचं, सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर त्या वाक्याला काडीची किंमत नाही.

केळीवाला_रावेर
एवढं सगळं दोनशे रुपयांसाठी? 🙄 माफ करा पण मला हे ट्रॅकर बिकर म्हणजे रिकामटेकड्यांचं काम वाटतं. आणि ते ट्रॅकरवाले काय धर्मादाय आहेत का, त्यांच्या पण पानावर "इथून खरेदी करा" बटण असतं, त्याच्यावर कमिशन मिळतं त्यांना. मग ते कशाला सांगतील घेऊ नका म्हणून. आमच्या केळीचा भाव सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आम्ही कुठं ग्राफ काढतो, जो बोर्डाचा भाव त्याच्यावर घासाघीस करून माल देतो.

तापीकाठ
@केळीवाला कमिशनचं खरं आहे, म्हणून ट्रॅकरचं "आत्ताच घ्या" असलं काही वाचायचं नाही, नुसती रेषा बघायची, रेषेला कमिशन नसतं. आणि ब्राउझरमधे त्यांचं एक्स्टेन्शन टाकायची तर मुळीच गरज नाही, ते तुम्ही कोणकोणती पानं उघडता ते वाचायची परवानगी मागतात. साइटवर जाऊन लिंक पेस्ट केली की काम भागतं.
आणि काका, बोर्डाचा भाव काल काय होता हे तुम्ही व्यापाऱ्याला विचारल्याशिवाय माल देता का? तेच आहे हे. तुम्हाला तोंडपाठ असतं, आम्हाला कूलरचं नसतं.

केळीवाला_रावेर
बरं जी. मुद्दा आहे.

वाघूर_काठचा
ते खोटं घड्याळ आहे ना, तीन तास वालं, त्याची तक्रार करता येते का कुठे? माझ्या पुतण्याने पण असंच घाईघाईत हेडफोन घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच भावात तेच घड्याळ.

वकीलसाहेब_नाही_कारकून
येते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने डार्क पॅटर्न म्हणजे साइटवर गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात असले १३ प्रकार दिलेत, खोटी घाई दाखवणं हा त्यातलाच एक. न सांगता कार्टमधे वस्तू घुसवणं, शेवटच्या पानावर हळूच चार्ज वाढवणं हे पण त्यात आहे. १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते कंपनीला कळवतात आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच हलतात लोक. पुरावा म्हणून घड्याळासकट स्क्रीनशॉट, वर मोबाइलची तारीख-वेळ दिसली पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशीचा पण तसाच. एकाच स्क्रीनशॉटने काही सिद्ध होत नाही.

हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही हे लक्षात ठेवा. नाहीच हललं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानंतर तुम्ही राहता त्या जिल्ह्यात केस टाकता येते, कंपनी बंगळुरूची का असेना, आणि ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही.

पण नुसतं "एमआरपीवर ५०% सूट खोटी आहे" म्हणून गेलात तर अवघड आहे, कारण एमआरपी खरंच तेवढी छापलेली असते आणि विक्री खरंच तिच्याखाली असते. युरोपात २८ मे २०२२ पासून नियम आहे की सूट दाखवायची तर आधीच्या ३० दिवसांतल्या सगळ्यात कमी भावावर दाखवा. आपल्याकडे तसा नियम नाही. चोपडेकर भाऊंचा कूलर तिकडे असता तर ९,४९९ ला सूट हा शब्दच लावता आला नसता, कारण ३० दिवसांत तो ९,२९९ ला होताच. इथे तो हिशोब आपणच करायचा.

नंदुरबारची_वहिनी
हे ३० दिवसांचं भारी आहे. म्हणजे आपण ग्राफवर मागचा एक महिना बघितला तरी काम होईल?

जंक्शन_भुसावळ
कूलर-एसीला एक महिना कमी पडतो वहिनी, सीझनचा माल आहे, महिन्याभरात भाव वरच चढत असतो. कूलरला मागच्या एप्रिलशी ताडायचं, एप्रिल ते एप्रिल. एसीचा मागचा एप्रिल २२ सप्टेंबरच्या आधीचा, टॅक्समुळे तो धरायचा नाही. मिक्सर, मोबाइल, प्रेशर कुकर असल्या बारमाही वस्तूला महिना-दोन महिने पुरे. मोबाइलचा तर भाव तसाही उतरतच असतो, नवीन आला की जुना पडतो, तिथे "सर्वात कमी" हे जवळपास रोजच खरं असतं आणि म्हणूनच बिनकामाचं.

चोपडेकर_भाऊ
बरं मंडळी, जंक्शनभाऊंनी सांगितलं तसं मागच्या एप्रिलचा बघितला. हाच कूलर, हेच मॉडेल, मागच्या एप्रिलात ९,३९९. म्हणजे सीझनला तो नऊ-साडेनऊतच असतो, डील नाही की लूट पण नाही. ट्रॉलीचे ऑनलाइन ७०० दाखवतात. ९,४९९ आणि ७०० म्हणजे १०,१९९, कार्डाचे ७५० गेले तर ९,४४९. माझ्याकडे ते कार्ड नाही, मेहुण्याकडे आहे, आणि त्याच्याकडून ओटीपी घ्यायचा म्हणजे वर्षभर ऐकावं लागेल 😄 म्हणजे मला १०,१९९ च. आणि पाचकंदील भाऊ ट्रॉलीसकट ९,८०० म्हणून राहिले.

उद्या जळगावला कामानिमित्त जायचंच आहे, गोलाणी मार्केटकडून चक्कर मारून दोन-तीन दुकानांत मॉडेल नंबर घेऊन विचारतो. एसीचं दिवाळीनंतरच बघू, तोपर्यंत बाबा कूलरच्या खोलीत झोपतील. @पाचकंदील दुकानात गेल्यावर वाइंडिंग तांब्याची आहे हे ओळखायचं कसं, सेल्समन तर सगळंच तांब्याचं म्हणेल.

पाचकंदील_धुळे
तोंडी ऐकू नका, वॉरंटी कार्डवर नाहीतर बिलावर लिहून मागा, "मोटर वाइंडिंग कॉपर" आणि मॉडेल नंबर. जो लिहून देतो त्याच्याकडून घ्या, जो म्हणतो कशाला लिहायचं त्याला रामराम. आणि पाणी न टाकता पाच मिनिटं फुल स्पीडला चालवून दाखवायला सांगा, आवाज तिथंच कळतो. पॅडचा एक जादा सेट आत्ताच भावात घालून मागा, सीझन चालू आहे तोवर दुकानदार देतो, जूनमधे आलात तर विकत घ्यावा लागेल.

खपाटीवाला
आनि पानीनं टँकर बी भावमा घाली माग भो 😂